प्यालेल्या मधाला जागणारी माणसं

पत्रिका छापायला गेली तेव्हा संयोजकांचा फोन आला. ‘सर, शीर्षकात मधाला असं आलंय. मिठाला करून घेऊ ना?’ म्हटलं, नका करू, मधालाच राहू द्या. आज ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे ती माणसं मधाला जागत.

आपल्याकडे धन्याचं मीठ खाल्लं की चाकर बांधला गेला. अँग्लो-सॅक्सन माणूस, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा रहिवासी, धन्याच्या बाकावर बसून त्याचा ‘मेडु’ प्याला की बांधला जाई. मेडु म्हणजे मध पाण्यात आंबवून केलेली दारू. शब्द आपल्याला अगदीच परका नाही. संस्कृतातला मधु, आपला मध आणि त्यांचा मेडु ही एकाच घरातून पांगलेली भावंडं आहेत. फिन्सबुर्गच्या लढाईवरच्या कवितेचा जेमतेम पन्नास ओळींचा तुकडा शिल्लक आहे. हनाफ नावाचा सरदार आणि त्याचे साठ गडी एका दालनात कोंडले गेले आहेत, दारं धरून पाच दिवस लढताहेत, आणि अजून एकही पडलेला नाही. तिथे कवी म्हणतो, साठ जणांनी मेडुची इतकी चोख परतफेड केल्याचं मी कधी ऐकलं नाही. ‘फोरगिल्डन’ हे त्याचं क्रियापद, म्हणजे फेडणं. उसनवारी फेडतात तसं.

माझं आजचं सगळं म्हणणं या क्रियापदाभोवती आहे. अँग्लो-सॅक्सन वीरकवितेत बक्षीस पराक्रमानंतर मिळतं असं आपण धरून चालतो, कारण शाळेतल्या बक्षीस समारंभाची आपल्याला सवय असते. इथे क्रम बहुतेक वेळा उलटा आहे. आधी सोनं, घोडा, तलवार, मेडु. पराक्रम मागाहून, कधी कधी कित्येक वर्षांनी. म्हणजे वीर हा मुळात कर्जदार असतो. तो फेडतो की बुडवतो, ही या कवितेची उत्कंठा.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. पाचव्या शतकापासून उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या बाजूचे लोक ब्रिटनमध्ये येऊन स्थिरावले. त्यांची भाषा म्हणजे आजच्या इंग्रजीची खापरपणजी, पण आजचा इंग्रज ती शिकल्याशिवाय वाचू शकत नाही. त्या भाषेतलं काव्य सुमारे तीस हजार ओळींचं उरलं आहे आणि त्यातला बराचसा भाग चार हस्तलिखितांत आहे. पुष्कळसं धार्मिक. वीरकाव्य त्यात थोडंच, आणि त्यावरही १७३१ साली आग ओढवली. वेस्टमिन्स्टरमधल्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसमध्ये कॉटन घराण्याचा ग्रंथसंग्रह ठेवलेला होता, तो पेटला. ‘बेओवुल्फ’चं एकमेव हस्तलिखित कडा करपून वाचलं. ‘मॉल्डनची लढाई’ हे दुसरं काव्य जळून गेलं. पण कुणीतरी त्याची नक्कल करून ठेवली होती आणि ती आगीच्या पाच वर्षं आधी छापली गेली होती, म्हणून आज मी त्याच्याबद्दल बोलू शकतो. बेओवुल्फच्या करपलेल्या कडा पुढे हळूहळू झडत गेल्या. थोर्केलिन नावाच्या आइसलँडच्या विद्वानाने १७८०च्या दशकात लंडनला येऊन त्याच्या नकला करवल्या नि केल्या. झडलेली अक्षरं आता तिथेच सापडतात. गंमत म्हणजे १८०७ साली ब्रिटिश आरमाराने कोपनहेगनवर तोफा डागल्या, त्यात थोर्केलिनचं घर जळलं आणि त्याने तयार केलेली आवृत्तीही. इंग्रजांचं आद्य महाकाव्य इंग्रजांच्याच गोळ्यांनी जाळलं. नकला बचावल्या, आणि बिचाऱ्याने पुन्हा सगळं करून १८१५ साली ते छापलं.

बेओवुल्फ ३१८२ ओळींचं आहे, आणि त्यात इंग्लंडची भूमी कुठेच येत नाही. कथा घडते डेन्मार्कात आणि दक्षिण स्वीडनमध्ये. गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. डेनांचा म्हातारा राजा ह्रोथगार, त्याचं हेओरोट नावाचं भव्य लाकडी दालन, रात्री तिथे शिरून माणसं खाणारा ग्रेंडेल, आणि समुद्रापलीकडून मदतीला आलेला गेआट जमातीचा तरुण बेओवुल्फ.

सुरुवातीच्या पंचवीस ओळींतच कवी एक व्यवहारज्ञान सांगून टाकतो. राजपुत्राने बापाच्या घरी असतानाच हात सैल सोडून माणसांना द्यावं, म्हणजे पुढे वय झाल्यावर, लढाई दाराशी आली की ती माणसं उभी राहतील. किती रोखठोक! औदार्य हा गुण आहेच, पण ती पेरणीही आहे. राजासाठी या काव्यात जी नावं येतात तीही पाहा. ‘बेआगगिफा’, कडी देणारा. ‘गोल्डविने’, सोन्यातला मित्र. ‘बेआग’ म्हणजे हातातलं किंवा गळ्यातलं सोन्याचं कडं. राजाने न्याय द्यावा, रस्ते बांधावेत, असं कुणी म्हणत नाही. त्याने कडी द्यावीत. हेरेमोड नावाचा एक राजा उदाहरणादाखल येतो. त्याचा गुन्हा असा की तो पंक्तीतल्या सोबत्यांना मारी आणि डेनांना कडी देत नसे. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत, जणू एकाच पापाचे दोन भाग.

हे कवींचं फुगवलेलं वर्णन असेल असं पूर्वी काहींना वाटे. मग १९३९ साली सफोकमधल्या सटन हू इथे एका टेकाडाखाली सुमारे सत्तावीस मीटर लांबीच्या जहाजात पुरलेला सातव्या शतकाच्या सुरुवातीचा खजिना सापडला. त्यातलं पट्ट्याचं एकच सोन्याचं बक्कल चारशे ग्रॅमहून जड आहे. पुढे २००९ मध्ये स्टॅफर्डशरमधल्या एका शेतात सोन्याचांदीचे चार हजारांहून जास्त तुकडे निघाले. बायकांचे दागिने त्यात जवळपास नाहीत. तलवारीच्या मुठींवरचा साजच साज. पाती कुठे गेली कोण जाणे, सोनं मात्र ओरबाडून काढलेलं. प्रत्येक मूठ कुणीतरी कुणाला तरी भरल्या दालनात दिलेली असणार, काहीतरी वदवून घेऊन.

वदवून घेऊन म्हणालो, कारण मेडुबरोबर एक शब्द द्यावा लागे. त्याला ते ‘बेओत’ म्हणत. इंग्रजी भाषांतरांत त्याची कधी बढाई होते, कधी प्रतिज्ञा. इंग्रजीला इथे अडचण पडते, आपल्याला पडत नाही, कारण आपल्याकडे विडा उचलण्याची चाल आहे. सगळ्यांदेखत तबकातला विडा उचलला की माघार नाही. मॉल्डनच्या काव्यात तर ‘बेओत आहोफोन’ असे शब्द आहेत: बेओत उचलले. क्रियापदसुद्धा तेच! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेन्सिलीने समासात नुसतं ‘विडा!’ असं लिहून ठेवलं होतं. ती पेन्सिलीची खूण अजून पुस्तकात आहे.

आता ह्रोथगारच्या दालनात जरा थांबू. बेओवुल्फ आल्याबरोबर म्हातारा राजा काय म्हणतो? ‘तुझ्या बापाने हेअथोलाफला मारलं होतं. ते भांडण मी पैसे देऊन मिटवलं, समुद्रापार जुनी मौल्यवान चीजवस्तू पाठवली, आणि त्याने मला शपथा वाहिल्या.’ बेओवुल्फने याचा उल्लेखही केलेला नाही. तो म्हणतो, मी कीर्तीसाठी आलोय, राक्षसाशी नुसत्या हातांनी लढीन. राजा मात्र हळूच जुनी वही उघडून दाखवतो: बाळा, तुझ्या घराण्याच्या नावावर आमची बाकी आहे. परोपकार म्हणून मदत घ्यायला त्याचा मानीपणा आड येत असावा. बाकी वसूल होतेय म्हटलं की मान ताठ राहते.

ग्रेंडेलची खरी भीतीही याच हिशेबातून कळते. माणूस मारला तर त्या काळी ‘वेरगिल्ड’ द्यावा लागे, म्हणजे मेलेल्याच्या दर्जाप्रमाणे ठरलेली भरपाई. कवी आवर्जून सांगतो की ग्रेंडेल तडजोड करत नव्हता, भरपाई देत नव्हता, त्याच्याकडून लखलखीत मोबदला मिळेल अशी आशा दरबारातल्या कुणालाच नव्हती. पहिल्यांदा वाचताना हसू येतं. राक्षस, आणि भरपाई देत नाही म्हणून तक्रार! पण नीट पाहिलं तर कवीने राक्षसाची व्याख्याच केली आहे. ज्याचं खातं उघडता येत नाही तो राक्षस. उलट त्याची आई. मुलाच्या वधानंतर ती येते, राजाचा लाडका सल्लागार एशेरे याला उचलते आणि परत जाते. एकाला एक. तिचा हिशेब सगळ्यांना कळतो, आणि म्हणून की काय, ती मला तिच्या मुलापेक्षा जास्त माणसातली वाटते.

ग्रेंडेल मेल्यावर ह्रोथगार देतो ते सगळं नोंदवलेलं आहे. सोनेरी निशाण, शिरस्त्राण, चिलखत, तलवार, आणि सोन्याच्या लगामांचे आठ घोडे, त्यातल्या एकावर राजाचं स्वतःचं खोगीर. ग्रेंडेलने खाल्लेल्या बेओवुल्फच्या सोबत्याची भरपाईही तिथल्या तिथे सोन्यात. बेओवुल्फ यातलं काय करतो? घरी जाऊन आपल्या राजापुढे, मामा हायगेलाकपुढे ठेवतो. निशाण, शिरस्त्राण, चिलखत, तलवार आणि चार घोडे राजाला, तीन घोडे राणीला. आठातले सात गेले. आठवा बहुधा त्याने ठेवून घेतला, आणि ठेवलाच असेल तर मला आनंद आहे. मग हायगेलाक भाच्याला आजोबांची सोन्याने मढवलेली तलवार देतो, वर सात हजार हाइड जमीन, वाडा आणि मानाचं आसन. हाइड म्हणजे एका कुटुंबाचं पोट चालेल एवढी जमीन. वस्तू एका जागी थांबतच नाही. थांबली की सडते, अशीच या काव्याची समजूत आहे. पुढे अजगरापाशी आपण तिथे येऊच.

त्याआधी एका हाराची गोष्ट. ह्रोथगारची राणी वेल्थेओव भरल्या सभेत बेओवुल्फला सोन्याचा एक कंठा देते. एवढा मोठा कंठा पृथ्वीवर दुसरा ऐकला नाही, असं कवी म्हणतो. तो अजून बेओवुल्फच्या गळ्यात पुरता पडलाही नाही, तोच कवी काही वर्षं पुढे उडी मारतो. हायगेलाक फ्रिसियावर, म्हणजे आजच्या हॉलंडच्या किनारपट्टीवर, लुटीसाठी चालून गेलाय, हाच कंठा त्याच्या अंगावर आहे, तो ढालीखाली मरून पडलाय, आणि कंठा फ्रँकांच्या हाती गेलाय. मग कवी पुन्हा सभेत येतो, टाळ्या-आरोळ्या चालूच. (ही स्वारी कविकल्पना नाही. सहाव्या शतकातल्या ग्रेगरी ऑफ तूर या इतिहासकाराने तिची नोंद केली आहे, अर्थात फ्रँकांच्या बाजूने.) देणगीच्या क्षणीच तिचा शेवट दाखवणारा कवी मला दुसरा आठवत नाही.

आणि राणी तो कंठा फुकट देत नाही. ‘माझ्या मुलांशी मायेने वाग,’ ती बेओवुल्फला सांगते. तिचा डोळा नवऱ्याच्या पुतण्यावर आहे, ह्रोथुल्फवर. राजा गेल्यावर तो काय करील याची तिला धास्ती आहे, आणि ती धास्ती खरी ठरणार असं कवी सुचवून ठेवतो. तरी ती बोलते ते असं: इथे प्रत्येक सरदार दुसऱ्याशी इमानी आहे, आणि प्यालेले वीर मी सांगते तसं करतात. प्यालेले, म्हणजे मेडुने बांधलेले. त्याच रात्री ग्रेंडेलची आई दालनात शिरते.

बायकांच्या बाजूने हे काव्य वाचलं की इमानाचं बिल कुणाच्या नावावर फाटतं ते कळतं. त्याच मेजवानीत दरबारचा भाट हिल्डेबुर्हची कथा गातो. ही डेनांची लेक, फ्रिसियाच्या फिनला दिलेली. मघाशी सांगितलेले हनाफचे साठ गडी ज्याच्या दालनात लढत होते तो हाच फिन. हनाफ तिचा भाऊ, आणि तिचा मुलगाही त्याच लढाईत गेला. ती सांगते, माझ्या मुलाला माझ्या भावाच्या चितेवर त्याच्या शेजारीच ठेवा. दोन्हीकडचे पुरुष आपापल्या मेडुला जागले. तिने कुणाचा मेडु प्यायला होता ते कवी विचारत नाही.

इमान म्हणजे सज्जनांची मक्तेदारी, असं मात्र समजू नका. अँग्लो-सॅक्सन बखरीत आठव्या शतकातल्या वेसेक्सची, म्हणजे दक्षिण इंग्लंडमधल्या एका राज्याची, एक नोंद आहे, गद्यात, आणि मला ती कित्येक कवितांपेक्षा जास्त हलवते. किनेवुल्फ राजा थोड्या लोकांनिशी एका स्त्रीच्या घरी गेलेला असताना त्याचा शत्रू किनेहेअर्ड घर वेढतो आणि राजाला मारतो. मग राजाच्या मूठभर सोबत्यांना तो पैसा आणि जीव दोन्ही देऊ करतो. कुणी घेत नाही. लढत लढत सगळे मरतात. वाचतो तो फक्त मूळच्या ब्रिटन लोकांतला एक ओलीस, तोही जबर जखमी. सकाळी राजाची मुख्य तुकडी येते. किनेहेअर्ड म्हणतो, मला राज्य द्या, हवी तेवढी जमीन नि पैसा घ्या. शिवाय तुमचे नातेवाईक आत माझ्याबरोबर आहेत. ते म्हणतात, धन्यापेक्षा जवळचा नातेवाईक आम्हाला नाही आणि त्याच्या मारेकऱ्यामागे आम्ही कधी जाणार नाही. मग ते आतल्या नातेवाइकांना सांगतात, तुम्ही सुखरूप निघून जा. आतून उत्तर येतं: काल राजाच्या माणसांनाही हेच सांगितलं होतं, ते गेले नाहीत, आम्हीही जाणार नाही. बंडखोराची माणसं! त्यांचंही इमान तितकंच लख्ख. भाऊ भावाशी दारातून बोलतोय, दोघांचं उत्तर एकच आहे, आणि म्हणूनच थोड्या वेळात ते एकमेकांना मारणार आहेत. बखरकार यावर एक अक्षर भाष्य करत नाही.

आता अजगर. बेओवुल्फ पन्नास वर्षं राजा राहिलाय, म्हातारा झालाय. एक चोर अजगराच्या खजिन्यातला पेला उचलतो आणि अजगर देश जाळत सुटतो. तीनशे वर्षं अजगर त्या सोन्यावर बसून होता: देत नाही, घेत नाही, नुसता राखतो. कंजूष राजा सापाच्या रूपात पाहावा तसा. बेओवुल्फ अकरा निवडक गडी घेऊन जातो आणि पुढे एकटाच उतरतो. आगीचा लोळ येतो तेव्हा त्यातले दहा जण रानात पळतात. एक थांबतो, विग्लाफ, वयाने पोरगाच. त्याचं बोलणं ऐका: ‘मला तो प्रसंग आठवतो, आपण मेडु घेत होतो, आणि ही कडी देणाऱ्या धन्याला दालनात शब्द दिला होता, की अशी वेळ आलीच तर या शस्त्रांची आम्ही परतफेड करू.’

दोघं मिळून अजगर मारतात, बेओवुल्फ मरतो. मग ते दहा रानातून बाहेर येतात, ढाली हातात तशाच, माना खाली. विग्लाफ मेलेल्या राजाच्या तोंडावर पाणी शिंपडत बसलेला आहे, अजून शुद्धीवर येईल या आशेने. त्याने वर पाहून जे सुनावलं त्यात शिव्या नाहीत. इथून पुढे तुमच्या कुळाला खजिना मिळणार नाही, तलवारी मिळणार नाहीत, तुमचा जमिनीवरचा हक्क गेला; वीराला बट्टा लागलेल्या जगण्यापेक्षा मरण बरं. शेवटच्या वाक्यावर इंग्रजी वर्गांत सगळे थांबतात. मला आधीची जास्त कठोर वाटतात. मरणाबद्दल कुणीही मोठं बोलेल. जमीन गेली हे पोरांच्या ताटापर्यंत जातं.

आणि ज्या सोन्यासाठी हे घडलं त्याचं गेआट लोक काय करतात? राजाच्या राखेबरोबर परत मातीत पुरतात. कवी म्हणतो, ते अजून तिथेच जगतंय, पूर्वीइतकंच माणसांना निरुपयोगी. ‘जगतंय’ हे क्रियापद त्याचं आहे, माझं नाही. माणसं मेली आणि सोनं जगतंय. बेओवुल्फचं वर्णन करणारा काव्यातला अगदी शेवटचा शब्द ‘लोफगेओर्नोस्ट’, म्हणजे कीर्तीचा सर्वात भुकेला. ही स्तुती की हळूच काढलेला चिमटा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला ते एकमत नसणंच बरोबर वाटतं. म्हाताऱ्या राजाने एकट्याने उतरायला नको होतं, हे विग्लाफनेही बोलून दाखवलंय: एकाच्या हट्टापायी पुष्कळांना सोसावं लागतं.

हट्ट म्हटल्यावर मॉल्डनकडे यावंच लागतं. इथे दंतकथा नाही. ऑगस्ट ९९१, एसेक्सचा किनारा. व्हायकिंगांचं आरमार ब्लॅकवॉटर नदीच्या मुखात एका बेटावर येऊन थांबलंय. समोर काठावर एसेक्सचा प्रमुख बिर्ख्टनोथ, पांढऱ्या केसांचा, सैन्य लावून उभा. काव्याच्या ३२५ ओळी उरल्यात, सुरुवात हरवली आहे, शेवटही. उरलेल्या भागाच्या अगदी सुरुवातीला तो गड्यांना हुकूम देतो: घोडे सोडा, दूर हाकलून द्या, पायी पुढे व्हा. आपल्या मनात लगेच सिंहगड येतो. परतीचे दोर कापणं ही आपली म्हणच तिथली. ऑफा नावाच्या सरदाराचा एक तरुण नातलग हे ऐकतो आणि मनगटावरचा आवडता ससाणा रानाकडे उडवून देतो. एवढंच. तो पुढे जातो, ससाणा रानाकडे जातो. घरी परत जायचं नाही हे त्याला कळलंय, हे कवीला वेगळं सांगावं लागत नाही.

व्हायकिंगांचा दूत पलीकडून ओरडतो: आमच्यापासून वाचायचं असेल तर कडी पाठवा. शब्द तोच आहे, ‘बेआगस’. धनी आणि गडी यांना बांधणारी ती कडी आता खंडणी म्हणून मागितली जाताहेत. बिर्ख्टनोथ संतापतो तो का, हे या एका शब्दात आहे. त्याचं उत्तर: देऊ की, भाले देऊ, विषारी टोकं आणि जुन्या तलवारी.

भरती ओसरली की बेटावरून यायला एक अरुंद वाट उघडी पडते. तिघं जण ती वाट अडवून धरतात, व्हायकिंगांना पाऊल टाकता येत नाही. मग ते गोड बोलून विचारतात, आम्हाला नीट पलीकडे येऊ द्या की. आणि बिर्ख्टनोथ येऊ देतो. कवी लिहितो, त्याने ‘ओफरमोड’पायी फार जास्त जमीन दिली. ओफरमोड म्हणजे घमेंड, की अतिरेकी धाडस? यावर ढीगभर लेख आहेत. येऊ दिलं नसतं तर आरमार दुसऱ्या गावावर गेलं असतं, असंही कुणी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण ‘फार जास्त’ हे शब्द कवीचे आहेत, आणि ते मोजून वापरलेत असं मला वाटतं. मोठ्या मनाचा माणूस कधी कधी जे आपलं नाही तेही देऊन बसतो. ती जमीन त्याच्या एकट्याची नव्हती, त्या गड्यांचे जीवही नव्हते.

तो पडतो. आणि मग येतो तो क्षण. ओड्डाचा मुलगा गॉड्रिक पळतो, दोन्ही भावांना घेऊन. कवी आठवण करून देतो की धन्याने याला वेळोवेळी कितीतरी घोडे दिले होते. पळताना तो कशावर बसतो? बिर्ख्टनोथच्याच घोड्यावर. बक्षिसाच्याच जनावराने बेइमानी वाहून नेली, आणि नुकसान तिथे थांबलं नाही. त्या साजाचा घोडा ओळखीचा. मागच्यांना वाटलं धनीच निघाला. फळी फुटली.

राहिले ते राहिले. एल्फविने म्हणतो, मेडु पिताना बाकावर बसून आपण जे विडे उचलले ते आठवा. आता कळेल कोण किती पाण्यात आहे. स्टर्मर गावचा लेओफसुनु म्हणतो, मी पाऊलभर मागे हटणार नाही. धनी हरवून एकटाच घरी आलो असं मला गावात कुणी ऐकवायला नको. गावात कोण काय म्हणेल! हजार वर्षांपूर्वीचा एसेक्सचा माणूस किती ओळखीचा वाटतो. डुन्नेरे म्हणून एक साधा शेतकरी आहे. याला कुणी कडं दिलं नव्हतं, घोडा तर दूरच. तो भाला उंचावून दोन ओळी बोलतो: धन्याचा सूड घ्यायचा तर कचरून चालणार नाही, जिवाची पर्वा करून चालणार नाही. माझी वही इथे अडते. याच्या नावावर बाकी कुठली? कवीने त्याला सरदारांच्या रांगेत उभं केलंय आणि कारण दिलेलं नाही.

ऑफाने कडी देणाऱ्याला शब्द दिला होता, दोघं एकत्र घोड्यावरून घरी येऊ नाहीतर एकत्र पडू. कवी सांगतो, तो धन्याशेजारी पडला होता, इमानी सेवकाला शोभेल तसा. मग म्हातारा बिर्ख्टवोल्ड ढाल उचलतो: बळ जसं कमी होईल तसं मन घट्ट व्हायला हवं, काळीज धीट, उमेद मोठी. या दोन ओळी फार गाजल्या. गाजाव्यातच. पण त्याच वर्षी इंग्लंडने व्हायकिंगांना दहा हजार पौंड खंडणी दिली, आणि पुढे आकडा वाढतच गेला. पुढच्या वर्षी एल्फ्रिक नावाच्या एका बड्या सरदाराने आरमाराचा बेत शत्रूला कळवला आणि स्वतः रातोरात सटकला. म्हणजे हे काव्य ज्यांच्यासमोर म्हटलं गेलं असेल त्यांच्यात घोडे घेऊन बसलेले गॉड्रिक भरपूर असणार. बिर्ख्टनोथचं धड ईलीच्या मठात नेलं. शीर शत्रूने नेलं होतं, म्हणून मठवासीयांनी त्या जागी मेणाचा गोळा ठेवला, असं मठाच्या इतिहासात लिहिलंय. १७६९ साली हाडं उघडली तेव्हा कवटी नव्हतीच.

बिर्ख्टवोल्डच्या त्या थोर ओळींवर काव्य संपत नाही. पुढे अजून बारा ओळी आहेत. आणखी एक गडी पुढे सरसावतो, इतरांना चेतवतो, भाला फेकतो, फळीत सर्वात पुढे घुसून मारत राहतो आणि अखेर पडतो. याचंही नाव गॉड्रिक. एथेलगारचा मुलगा. कवीला घाई झाली आहे, माणसं मरताहेत, तरी तो हात थांबवून नोंद दुरुस्त करतो: लढाईतून पळाला तो गॉड्रिक हा नव्हे. हस्तलिखित इथेच तुटतं.